लेकीच्या छताखाली

महागू नागपुरेच्या वर्कशॉपवर हिंदीत पाटी होती, 'नागपुरे ठंडा छत : मशीन और काम'. पाटी राजूनं, म्हणजे त्याच्या मुलानं, रंगवून घेतली होती. महागूला तिच्यातला 'काम' हा शब्द तेवढा आवडायचा. मशीन काय, कुणीही विकतं, असं त्याचं मत होतं. हे मत तो मशीन घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकासमोरच सांगायचा, आणि राजूचं डोकं फिरायचं.

तसं पाहिलं तर मशीन त्यानंच जन्माला घातलेली. तरुणपणी तो बालाघाटजवळच्या एका राइस मिलमध्ये पंखे दुरुस्त करायचा. एका भाच्याच्या लग्नात, मांडवाच्या मागे, बरफाच्या लाद्या धानाच्या भुशात पुरून ठेवलेल्या त्यानं पाहिल्या. भर वैशाख, लोकांच्या कानशिलातून घाम गळतोय, आणि लाद्या संध्याकाळपर्यंत शाबूत. महागू जेवायचं सोडून तिथंच उकिडवा बसून राहिला. वऱ्हाडी म्हणाले, नवरदेवाच्या मामाला ऊन लागलं. ऊन लागलं नव्हतं, डोक्यात किडा शिरला होता. भुशात बरफ टिकतो तर माणूस का टिकणार नाही?

ते दिवस घरांवरचे कवेलू, म्हणजे कौलं, उतरण्याचे होते. माकडांनी कवेलू फोडून फोडून गावोगावच्या लोकांना वैताग आणला होता, म्हणून लोकांनी टिनाचे पत्रे चढवले. माकडं हटली आणि ऊन घरात आलं. महागूनं धान उफणायचा जुना पंखा घेतला, त्याला पत्र्याच्या ड्रमचं तोंड लावलं आणि पुढे लांबलचक पाइप जोडला. एका टोकाला भुसा ओतायचा, दुसऱ्या टोकानं तो फुसफुसत छतात जाऊन बसायचा. टिनाच्या खाली बांबूचे तट्टे ठोकायचे, तट्ट्यांवर निवडणुकीतले जुने फ्लेक्स अंथरायचे, आणि वरच्या पोकळीत चुना आणि टाकणखार चोळलेला भुसा गच्च भरायचा. चुन्या-टाकणखारानं उंदीर-वाळवी फिरकत नाही आणि आगही चटकन धरत नाही. मशीनला लोक फुंकणी म्हणू लागले. कुणी ती विकत नेई, कुणी भाड्यानं, आणि बरेच जण महागूलाच घेऊन जात. नेत्यांचे हसरे चेहरे छतात दडपून टाकायला मिळतात, याचाही काही लोकांना आनंद होत असावा.

पण महागूची खरी ख्याती फुंकणीची नव्हती, बैठकीची होती. छत भरायचं काम हिवाळ्यात, मिलांचा भुसा निघतो तेव्हा. थंडीत भरलेलं छत उन्हाळ्यात कसं वागेल हे कुणी सांगावं? म्हणून पुढच्या वैशाखात महागू त्या घरी जायचा, पंखा बंद करायला लावायचा आणि ऊन डोक्यावर आल्यापासून कलेपर्यंत त्या छताखाली बसून राहायचा. त्या घरी जे शिजलं असेल ते खायचा. घाम आला, डोकं जड झालं, की लगेच छत उघडून पुन्हा भरून द्यायचा, पैसे न घेता. घरातल्या बायांना या पाहुण्याचा थोडा जाचच व्हायचा. एक तर त्याला जेवायला घालायचं, वर पंखाही बंद. पण गावात कुणी विचारलं की त्याच बाया सांगायच्या, "महागूभाऊ सोता बसून गेला आमच्या घरी." एवढं पुरे व्हायचं. राजू त्याला पाठीमागे 'गारंटी कार्ड' म्हणायचा. कंपन्या कागद देतात, आमच्याकडे बाप जातो.

सगळ्या जिल्ह्यात महागूनं भरलेलं एकच छत असं होतं, ज्याच्या खाली तो कधी बसला नव्हता. ते त्याच्या लेकीचं.

श्रुतिका लामत्याला दिली होती. सासरचं घर कवेलूचं, जुनं, थंडगार. पण लग्नाच्या वेळी नव्या जोडप्यासाठी बाजूला टिनाची एक खोली काढली होती. त्या भागात पाऊस दणकून पडतो, म्हणून छताला उभा उतार. महागूनं त्या छताला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. पाइप स्वतः धरला, राजूला नुसता भुसा ओतायला ठेवला, आणि शेवटी 'अजून एक घमेलं जाऊ दे' करत करत तट्टे फुगेपर्यंत भरलं. मुलीला दिलेल्या भांड्याकुंड्यांपेक्षा त्याला या छताचा अभिमान जास्त होता.

मग पहिला उन्हाळा आला. त्या वर्षी उभ्या उताराची आणखीही काही छतं त्यानं भरली होती. त्यांच्या खाली तो बसला आणि हबकला. खोलीची एक बाजू थंड, दुसरी तापलेली. उघडून पाहिलं तर भुसा वळचणीकडे सरकून गोळा झालेला आणि वरची अर्धी पोकळी रिकामी. टीन उन्हानं ताणतं, वाऱ्यानं थरथरतं, आणि भुसा हळूहळू खाली उतरतो. महागूनं ती सगळी छतं उघडली, बांबूच्या आडव्या कमच्या ठोकून कप्पे केले आणि पुन्हा भरली. तेव्हापासून उभ्या छतात कमच्या घालायचं त्याच्या अंगवळणी पडलं.

लामत्याला मात्र तो गेला नाही. म्हणजे गेला, पण नेहमी जायचा तसाच: सकाळी पोचायचं, पिशवी द्यायची, लेकीच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि जेवणाची वेळ व्हायच्या आत गाडीला किक मारायची. लेकीला लेकरू होईस्तोवर बापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणी प्यायचं नाही. महागूच्या बापानं पाळलं, आज्यानं पाळलं. बरं, आपला डबा न्यावा तर तो व्याह्यांचा उघड अपमान. आणि उपाशी बसावं तर पाहुणा उपाशी असताना घरातले तरी घास कसा गिळणार? म्हणून त्यानं फोन केला.

"कसं आहे बाई खोलीत? गरम होते का?"

"नाही बाबा. एकदम थंड. दुपारी चादर घेऊन झोपते मी."

महागूला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की पुढे विचार करायची त्याला गरजच भासली नाही. दुसऱ्यांच्या छतातला भुसा सरकला, आपल्या हातानं लेकीसाठी दाबून भरलेला सरकला नाही, हे त्यानं खरं धरलं. एरवी पंख्याच्या आवाजावरून बिघाड सांगणारा माणूस. पण स्वतःच्या मायेपुढे आंधळा झाला. नंतर तर तो गिऱ्हाइकांनाही सांगू लागला, "माह्या लेकीचं छत पाहा जाऊन लामत्याले."

वर्षं गेली. श्रुतिकाला मूल होत नव्हतं, आणि त्यामुळे महागूचं पाण्याचं बंधनही सुटत नव्हतं. मागच्या वैशाखात तिला दिवस राहिले आणि थोड्याच दिवसांत गेले. शांताबाई, महागूची बायको, लेकीला पोटाशी धरून रडून आली. महागू ओसरीवरूनच परत फिरला. यंदा पुन्हा दिवस राहिले होते. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पडून राहायचं, प्रवास अजिबात नाही. त्यामुळे माहेरी आणण्याचा प्रश्नच मिटला. पाचवा महिना लागला होता. महागूच्या घरात सगळे हळू बोलू लागले होते, जणू मोठ्यानं बोललं तर तिकडे लामत्याला काही हलेल.

अशातच एका सकाळी वर्कशॉपमध्ये बापलेकांचं जुंपलं.

गोंदियाचा एक व्यापारी मशीन पाहायला यायचा होता. राजूनं किती दिवस त्याच्या मागे लागून त्याला राजी केलं होतं. आणि महागू खांद्यावर दुपट्टा टाकून निघाला होता खैरलांजीला, कुणाच्या तरी छताखाली बसायला.

"बाबा, तुम्ही नाही राहाल त मशीन समजावून कोण सांगल?" राजू म्हणाला.

"तू सांग. तुले येते."

"मी सांगतो त तुम्ही मधात बोलता. अन् काम पडते तवा खैरलांजीले जाऊन वरण-भात खाता. सब कंपनीवाले कार्ड देते हैं, आप बैठते हो!"

"बसतो म्हणून लोक बोलावते."

"साऱ्या दुनियेच्या घरी बसता. ताईच्या घरी बसले का कधी?"

महागूनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. "लेकीच्या घरचं पाणी चालत नाही, हे तुले माहीत नाही काय?"

"मले माहीत आहे, बाबा. छताले माहीत नाही."

बोलून गेल्यावर राजूला थांबता आलं असतं. पण मनात दोन दिवसांपासून साचलेलं होतं, ते बाहेर आलं. "परवा आंबे घेऊन गेलतो लामत्याले. ताई पोटावर ओला टॉवेल ठेवून पडली होती. मले पाहून तिनं लपवला. तवा आहे तवा, ते खोली. पंख्याची हवा अंगाले भाजते. मले शपथ घातली तिनं, बाबाले सांगू नको म्हणून."

"खोटं बोलतं तू."

"हौ, मीच खोटा."

महागू खैरलांजीला गेला नाही. घरी आला आणि शांताबाईसमोर बसला. ती तांदूळ निवडत होती. राजू काय म्हणाला ते त्यानं सांगितलं, तरी तिचा हात थांबला नाही, आणि तिला हे नवीन नाही हे महागूला तेवढ्यावरूनच कळलं.

"तुले माहीत होतं?"

"मागच्या साली गेलती न मी. एक रात काढली त्या खोलीत. मंग तिच्या आवाजावरून समजेच."

"मंग मले सांगितलं काहून नाही?"

"तुमी सांगू देता काय? जो येते त्याले म्हणता, माह्या लेकीचं छत पाहा. पोरीनं काय म्हणावं? बापाच्या हाताले नाव ठेवावं?" शांताबाईनं सूप बाजूला ठेवलं. "अन् मले वाटलं, तुमाले बी आतून समजते. समजून बोलत नसान."

हे महागूला फार लागलं. कारण ते थोडंफार खरं होतं. उभ्या उताराचं छत, कमच्या नाहीत, भुसा सरकणार, हे त्याच्याइतकं दुसरं कोण जाणत होतं? त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती मोठी होती. पाचवा महिना. डॉक्टरीणबाई म्हणाली पडून राहा, आणि पोर पडून राहिली ती त्या छताखाली.

दुसऱ्या सकाळी तो निघाला. काल न आलेला गोंदियावाला आज यायचा होता. त्याचं नाव राजूनंही काढलं नाही. "मी येतो संगं," एवढंच तो म्हणाला. महागूनं त्याला दुकान पाहायला सांगितलं. शांताबाईनं पाण्याची मोठी बाटली भरून दिली. चरेगावच्या पुढं रस्त्याचं डांबर मऊ पडलं होतं आणि सागाच्या झाडांना सावली म्हणण्यासारखं पानच उरलं नव्हतं. बाटली त्यानं गाडीच्या डिकीतच राहू दिली. व्याह्यांच्या दारात आपल्या घरचं पाणी काढून प्यायचं त्याच्या जिवावर आलं. तहानेपेक्षा रीत मोठी, अशा घडणीचा माणूस. त्याला आता कोण बदलणार?

विहीण मैनाबाई ओसरीवर चिंचा फोडत होती. व्याही आणि जावई शेताकडे गेले होते. महागू आज पिशवी देऊन उठेना, तेव्हा तिनं विचारलं, "काय इवाई, आज बसान काय जराक?"

"हौ. आजची दुपार श्रुतिकाच्या खोलीत बसतो म्हणतो."

मैनाबाईच्या हातातली चिंच तशीच राहिली. ती फक्त "बरं" म्हणाली आणि आत गेली.

श्रुतिका भिंतीकडे तोंड करून पडली होती. बापाला दारात पाहून ती उठून बसली, केस नीट केले, खाटेखाली काहीतरी पायानं सरकवलं. तो ओला टॉवेल असणार. महागूनं तिकडे पाहिलं नाही. भिंतीशी एक खुर्ची होती, तिच्यावर बसला.

"बाबा, तुम्ही ह्या टाइमाले?"

"बसाले आलो. सगळ्यांच्या घरी बसतो, तुह्याच घरचं राहून गेलतं."

तिचा चेहरा उतरला. मग ती हसली. लहानपणी काही फोडलं की हसायची तसं. "आता काय बसता बाबा? इतकी वर्षं झाली. मस्त थंड आहे."

"तेच पाहतो."

"पंखा राहू द्या चालू."

"तुह्यासाठी राहू दे," तो म्हणाला. एवढी एक सूट त्यानं दिली. पंख्यानं काही फरक पडत नव्हता. वरून उष्णता उतरत होती, टाळूवर कुणी गरम हात ठेवावा तशी, आणि तो हात उचलतच नव्हता. खोलीत आल्या आल्या त्याला कळलं होतं. बसायची गरजही नव्हती. पण तो बसला. आता उठलो तर पोरीच्या इतक्या वर्षांच्या खोट्याला तोंडावर खोटं म्हटल्यासारखं होईल, आणि नाही उठलो तर काय करायचं, हे त्याला सुचेना.

श्रुतिका बोलत राहिली. राजूचं लग्न जमतंय का, आईचे गुडघे कसे आहेत, वर्कशॉपमागचं सीताफळ यंदा धरलं का. मध्ये मध्ये विचारायची, "थंड आहे न, बाबा?"

"हौ."

त्याच्या बनियनची पाठ ओली झाली. जीभ टाळूला चिकटू लागली. कोपऱ्यात मातीचा माठ होता, त्यावर पालथा पेला. महागूची नजर दोनदा तिकडे गेली आणि दोन्ही वेळा त्यानं ती ओढून परत आणली. श्रुतिकानं ते पाहिलं. यंदा ती सगळं पाळत होती. मागच्या वर्षी काही चुकलं म्हणून तसं झालं असं तिला कुणी ना कुणी सांगून गेलं होतं. कमरेला काळा दोरा होता. तिन्हीसांजेला ती उंबऱ्यात उभी राहत नसे. बापानं पाणी प्यायचं नाही, हेही त्यातलंच, आणि आता तर सगळ्यात मोठं.

बाहेर ऊन पांढरं झालं. टीन कडकड वाजू लागलं. महागूला डोळ्यांसमोर थोडं फिरल्यासारखं झालं, पण तो ताठ बसून राहिला.

मैनाबाई दारात आली. तिनं व्याह्याचा चेहरा पाहिला आणि तिला राहवलं नाही. "इवाई, आमच्या कवेलूत येऊन बसा न. इथं माणूस शिजते."

"आई," श्रुतिका म्हणाली.

"काय आई? पहिल्या सालापासून मी हिले म्हणून राह्यली, दुपारची इकडं येऊन पड. तिकडं खाट टाकून ठेवली हिच्यासाठी. ऐकन त शपथ. म्हणे, माह्या बाबानं भरलेलं छत आहे, मी तिकडं झोपली त लोक काय म्हणतीन? मले सांगा आता, लोक येऊन पाहतेत काय?"

मैनाबाई बोलून उभी राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता, काळजीच होती. आणि म्हणूनच महागूला तोंड वर करता येईना. पोर अडाणी नव्हती, अडकलेली नव्हती. दहा पावलांवर थंड घर होतं. बापाचं नाव राखायला ती रोज दुपारी इथं येऊन पडत होती.

तो उठायला गेला आणि त्याचा तोल गेला. खुर्चीचा हात धरून तो पुन्हा बसला.

श्रुतिका खाटेवरून उतरली. मैनाबाई "उठू नको, उठू नको" करत पुढे आली, पण ती माठापाशी पोचली होती. तिनं पेला भरला. पाणी तिच्या बोटांवरून खाली सांडलं. ती बापासमोर येऊन उभी राहिली.

"प्या."

"नको बाई. अजून..." महागूनं तिच्या पोटाकडे पाहिलं.

"प्या म्हणते न बाबा."

"गाडीत आहे माह्यी बाटली. आणतो कोणी त..."

"गाडी उन्हात आहे. ते पाणी उकळलं असन." तिचे डोळे भरून आले होते. "गरम आहे, बाबा. लय गरम आहे खोली. मले माहीत आहे तुमाले समजलं. आता प्या."

महागूनं पेला घेतला. मैनाबाईनं पदर तोंडाला लावला. एरवी रीतभात सांगायला तीच पुढे असायची. तो घटाघटा प्यायला. श्रुतिका त्याच्या गळ्याकडे पाहत होती, आणि तिचा एक हात आपोआप पोटावर गेला होता. पाणी गोड लागलं, थंड लागलं, आणि महागूला वाटलं आपण काहीतरी मोडलं, ते काय हे पुढचे चार महिने कळणार नाही.

मग मात्र त्याच्यातला मिस्त्री जागा झाला. बसून काय उपयोग? त्यानं मैनाबाईकडे विळा मागितला, श्रुतिकाला खाटेवर बसवलं, आणि खुर्चीवर चढून वरच्या बाजूचा तट्टा एका कोपऱ्यातून सैल केला. खाली काही पडेल म्हणून त्यानं डोळे बारीक केले. काहीच पडलं नाही. भुशाचा एक कणही नाही. फ्लेक्सचा पापुद्रा बाजूला केला आणि टिनाची धग थेट तोंडावर आली. त्यानं मोबाइलची बत्ती आत धरली.

पोकळी रिकामी होती, पार वळचणीपर्यंत. आणि टिनाच्या पन्हाळीत कुंभारीण माशीनं घरटी केली होती. एकावर एक, थरावर थर. वरची ताजी, तांबूस. त्यांच्याखाली मागच्या सालची, फिकी. त्यांच्याखाली करडी, फुटकी, भुगा झालेली किती तरी. रिकामी जागा मिळाली म्हणून माशी दर उन्हाळ्यात येत होती. महागूनं बोटानं थर मोजले.

तो खाली उतरला तेव्हा मैनाबाई स्वयंपाकघराकडे गेली होती. आता व्याही जेवणारच, हे तिनं न विचारताच धरलं होतं. खोलीत दोघंच होते. बाप आणि लेक.

विचारू नये हे त्याला कळत होतं. या एका प्रश्नानं आपलं काही बरं होणार नाही, हेही कळत होतं. पण तो प्रश्न वर्कशॉपपासून, काल सकाळपासून, त्याच्या छातीवर बसला होता.

"मागच्या साली..." तो म्हणाला. विळा खाली ठेवला आणि त्यानं पुन्हा म्हटलं. "मागच्या साली, तवा... तवा बी इतकंच गरम होतं काय बाई?"

श्रुतिकानं त्याच्याकडे पाहिलं. ती लगेच उत्तर द्यायला गेली, थांबली, आणि मग अगदी सहज, नेहमी फोनवर बोलायची त्याच आवाजात म्हणाली, "नाही बाबा. मागच्या साली मस्त थंड होतं. यंदाच बिघडलं."

वर तट्ट्याचा कोपरा उघडा लोंबत होता आणि त्यातून धग येत होती.

"हौ," महागू म्हणाला. "यंदाच सरकला असन भुसा."

दोघांपैकी कुणीच वर पाहिलं नाही.